ऱ्हस्व-दीर्घाचे सोवळे आणि संगणकाची मराठी

'वेबसाइट' लिहावे की 'वेबसाईट'? असा प्रश्न घेऊन कुणी लेख लिहायला बसला तर चळवळीतले आमचे काही मित्र हसतील. गायरान जमिनींचे पट्टे अडून आहेत, वसतिगृहांत मुलांना जागा मिळत नाही, आणि हे प्राध्यापक महाशय एका 'इ'च्या ऱ्हस्व-दीर्घावर शाई खर्च करीत आहेत, असे ते म्हणतील. त्यांच्या हसण्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु ऱ्हस्व-दीर्घ ही गोष्ट आपल्या समाजाला कधीच किरकोळ पडलेली नाही. घरातला लिहिणारा पहिला माणूस म्हणून ज्याने निबंधाची वही मास्तरांपुढे ठेवली, आणि आशयाबद्दल एक शब्दही न ऐकता लाल शाईने रंगलेली वही परत घेतली, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाने तशी वही परत घेतलेली आहे.

निमित्त असे घडले. आमच्या शहरातील संगणकशास्त्राचे काही विद्यार्थी दलित साहित्यातील ग्रंथांची आणि नियतकालिकांची सूची ठेवणारे एक सॉफ्टवेअर लिहीत आहेत. पैसा नाही, पाठीशी संस्था नाही; रविवारी जमायचे आणि काम पुढे सरकवायचे, असा मामला. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर जे शब्द दिसणार त्यांची चार पानी यादी त्यांनी माझ्याकडे तपासायला दिली. पहिल्या पानावर 'वेबसाइट' होती, तिसऱ्यावर 'वेबसाईट', आणि चौथ्यावर एका मुलाने, बहुधा वर्तमानपत्र वाचून, 'संकेतस्थळ' लिहिले होते. 'ईमेल', 'ई-मेल' आणि 'इमेल' असे तिन्ही प्रकार होते. 'लॉगिन' कुठे जोडून, कुठे तोडून. मुलांचे म्हणणे एवढेच की, सर, एक काय ते ठरवून द्या. मी हो म्हणालो. घरी येऊन बसलो तेव्हा ध्यानात आले की ठरवायचे कशाच्या आधारावर, हेच अजून ठरलेले नाही.

एकच रूप असावे का? असावे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'कसेही लिहा, भाव कळला म्हणजे झाले' ही उदार भूमिका माणसामाणसांच्या व्यवहारात शोभते, कारण माणसाला कान आहेत. यंत्राला कान नाहीत. त्याला प्रत्येक अक्षरामागचा क्रमांक तेवढा कळतो. बाबासाहेबांचे आडनावच घ्या. 'आ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे आणि युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. पण कुणी 'अ' टंकून त्याला वेगळा काना दिला, तर डोळ्यांना तेच 'आ' दिसते आणि यंत्राच्या लेखी मात्र ती दोन चिन्हे होतात. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना असे पुष्कळदा घडते. मग 'आंबेडकर' शोधणाऱ्याला ती पाने सापडत नाहीत. बाबासाहेबांचे नाव पडद्यावर आहे, आपण ते वाचू शकतो, आणि यंत्र सांगते की असे काही आढळले नाही.

जोतीराव फुल्यांचा १८८३ सालचा ग्रंथ घ्या. 'शेतकऱ्याचा' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. नुक्त्याच्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. ज्याला ही युक्ती ठाऊक नाही तो सरळ रफार देतो आणि 'शेतकर्याचा' असे उमटते. शिवाय कुणी 'असूड' लिहितो, कुणी 'आसूड'. तीन गुणिले दोन म्हणजे सहा झाले. यंत्राला मुद्दाम शिकवले नसेल तर त्याच्या दृष्टीने ही सहा निराळी पुस्तके. 'ॲप' या तीन पैशांच्या शब्दाचेही असेच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवीत, काही 'ऍ' लिहीत, आणि आजही तिन्ही प्रकार चालू आहेत. (शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाणित करताना 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांच्या रांगेत बसवले, ते योग्यच झाले. इंग्रजी स्वरांची सोय झाली. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे 'च' मात्र अजून एकाच अक्षरात कोंबलेले आहेत. असो.)

या गोंधळाचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्याच्या घरी दोन पिढ्यांची पुस्तके आहेत, त्याला ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव पाठ असते. एका रीतीने सापडले नाही तर तो दुसऱ्या रीतीने शोधतो, नाहीतर कुणाला तरी फोन करतो. आमचा पहिल्या पिढीतला विद्यार्थी हातातल्या मोबाईलवर एकदा शोधतो, 'आढळले नाही' वाचतो आणि असे पुस्तकच नसावे असे समजून चालू लागतो. दया पवारांचे १९७८ सालचे आत्मकथन 'बलुतं' या नावाचे आहे. ग्रंथालयातल्या एखाद्या सज्जनाने नियमावर बोट ठेवून सूचीत 'बलुते' असे 'शुद्ध' रूप घातले की झाले. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ला तर असा हितचिंतक भेटायची भीती पावलोपावली. या लेखकांनी पुस्तकाच्या कपाळावर बोलीतला अनुस्वार जाणूनबुजून लावला आहे. तो पुसणारा सूचीकार पुस्तकही पुसतो आणि भूमिकाही.

म्हणजे दोन गोष्टी एकदम हव्या आहेत. सॉफ्टवेअर स्वतः जे शब्द बोलेल ते एका रूपात बोलावेत. आणि वाचक जे लिहील ते त्याने कोणत्याही रूपात ओळखावे. एकरूपता यंत्राने पाळावी. ती वाचकावर लादता कामा नये. मराठीच्या शिक्षणव्यवस्थेने नेमके उलटे केले, म्हणून या नियमांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले, शेवटचे इकार-उकार सरसकट दीर्घ झाले. जुन्या पद्धतीपेक्षा हे सोपे झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु या इमारतीत एक बंद खोली राहिली. शब्द मराठी असेल तर एक नियम आणि तो 'तत्सम', म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असेल तर दुसरा. 'फूल' दीर्घ, 'गुण' ऱ्हस्व. 'वीट' दीर्घ, 'विष' ऱ्हस्व. का? तर 'गुण' आणि 'विष' संस्कृत आहेत म्हणून. आता संस्कृत कोणते हे ओळखण्यासाठी संस्कृत यायला हवे. ज्यांच्या पूर्वजांच्या कानांवर ती भाषा पडू नये यासाठी धर्मशास्त्र राबले, त्यांच्या मुलांना मराठी 'शुद्ध' लिहिण्यासाठी शब्दाचे गोत्र विचारले जाते. उच्चारावरून ते कळत नाही. कळते ते घरातल्या वळणावरून.

याच नियमांत आणखी एक कलम आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे लेखन नव्या नियमांप्रमाणे छापावे. आता गंमत पाहा. चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली १८७४ साली. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ची आणि 'असूड' १८८३चा. म्हणजे निबंधमालेची रेघ धरली तर एकाच लेखकाचे एक पुस्तक त्याच्या स्वतःच्या लेखनपद्धतीत छापायचे आणि दुसरे 'सुधारून'. ज्या चिपळूणकरांनी निबंधमालेतून जोतीरावांच्या व्याकरणाची टवाळी केली, त्यांच्याच नावाने मराठी गद्याची हद्द आखली गेली आणि ती हद्द जोतीरावांच्या ग्रंथसंपदेच्या मधूनच गेली. हे कुणी कपटाने केले असेल असे मला वाटत नाही. करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जोतीराव नव्हतेच, हे मात्र खरे, आणि ते कपटाहून फारसे बरे नाही.

आता पुन्हा विद्यार्थ्यांच्या यादीकडे येतो. 'वेबसाईट', 'फाईल', 'ऑनलाईन' हे शब्द आमच्याकडे आले ते कोणत्याही गोत्राशिवाय. त्यांची संस्कृत व्युत्पत्ती सांगता येत नाही. सदाशिव पेठेतल्या मुलाला आणि भीमनगरातल्या मुलाला ते एकाच वेळी, एकाच यंत्रावर, सारखेच परके म्हणून भेटले. मराठी लेखनाच्या इतिहासात अशी संधी वारंवार येत नाही.

असे पाहुणे शब्द मराठीने पूर्वी कसे सामावले, हे कोशापेक्षा पलटणीत, रेल्वेत आणि गिरणीत पाहावे. आपली माणसे तेथेच इंग्रजीला भेटली. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' त्यांनी केला. 'पलटण' हा शब्द मूळचा कुठला हे आज कुणाच्या मनातही येत नाही; त्याला अस्सल मराठी 'ण' फुटला आहे. 'काडतूस' फिरंग्यांचे, 'वकील' आणि 'गरीब' अरबीतून आलेले, 'मशीन' इंग्रजी. या सर्वांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ आहे, कारण अकारान्त मराठी शब्दाची ठेवण तशी आहे. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते; येथल्या मराठीत असे शब्द पोत्याने सापडतील. 'वकील' लिहिताना अरबीत तो कसा लिहितात हे कुणी विचारले नाही. मग 'साईट' लिहितानाच इंग्रजी उच्चारकोश कशासाठी उघडायचा? आमच्या कानाला 'साईट' असे ताणलेलेच ऐकू येते. म्हणून मी 'वेबसाईट', 'फाईल', 'ऑनलाईन' या दीर्घ रूपांच्या बाजूने कौल दिला.

एका विद्यार्थिनीने लगेच अडवले. सर, मग 'क्लीक' लिहायचे का? 'पीन'? 'बील'? तिचा मुद्दा बिनतोड होता. 'क्लिक', 'पिन', 'बिल' हे शब्द सारा महाराष्ट्र ऱ्हस्व लिहितो, कारण ते ऱ्हस्वच ऐकू येतात. तेव्हा नियम असा सुधारावा लागला की आधी कान, आणि कान जेथे कौल देत नाही तेथे मराठीचे सर्वसाधारण वळण. 'साइट' ऱ्हस्व ऐकू येते असे म्हणणारे जाणकार आहेत, त्यांच्याशी मी भांडणार नाही. वाद कानाचा असेल तर तो बरोबरीचा वाद आहे. तेथे कुणालाही आपला कान घेऊन बसता येते. 'ईमेल' एकत्र आणि दीर्घ, 'लॉगिन' एकत्र, यावर फारसा वाद झाला नाही.

पुढची अडचण यंत्राच्या बाजूने आली आणि ती मला अधिक मोलाची वाटली. सॉफ्टवेअरवाल्यांना एका शब्दाचे एक रूप हवे असते. शब्द एकदा यादीत घातला की तो सगळीकडे आपोआप बसावा. मराठी शब्द असा ताठ उभा राहत नाही. 'गरीब' पण 'गरिबाला', 'वकील' पण 'वकिलाने', 'खूण' पण 'खुणा'. त्याच चालीने 'फाईल' पण 'फाइलीत'. दोन्ही बरोबर. एकरूपतेच्या उत्साहात मुलांनी सगळीकडे 'शोधा आणि बदला' चालवले तेव्हा 'फाईलीत' असे विचित्र रूप तयार झाले. शिवाय इंग्रजी वाक्यात जेथे नुसते नाव बसवले की भागते, तेथे मराठीत नावाला प्रत्यय लागतो. यंत्र 'लेखक' आणि 'ने' यांच्यात फट ठेवते, 'पुस्तक'चे 'पुस्तका' करायला विसरते. यावर उपाय वाक्यरचनेचा आहे: 'लेखक:' असे लिहून पुढे नाव द्यावे, वाक्यात ते गुंफू नये. 'या फाइलीत' म्हणण्याऐवजी 'फाईल:' म्हणून पुढे तिचे नाव. थोडे रूक्ष होते, पण चुकत नाही.

या कटकटीतून सुटण्याचा एक 'सात्त्विक' मार्ग अनेकजण सुचवतात. इंग्रजी शब्दच नकोत. संस्कृतातून नवे घडवा. 'आंतरजाल', 'संकेतस्थळ' ही त्या टांकसाळीतली नाणी. हा मार्ग जुना आहे. भाषाशुद्धीवाल्यांनी फारसी शब्दांवर हाच रंधा चालवला होता, आणि १९६२ च्या शासकीय 'पदनाम कोशा'ला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले ते उगीच नव्हे. संस्कृत घडणीने लेखनाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, कारण तत्सम शब्दाचे रूप ठरलेले असते. पण ज्या बंद खोलीबद्दल वर लिहिले, तिच्याच दारात आपण परत येऊन उभे राहतो. आणि एकरूपता तरी कुठे साधते? 'फाईल'ला मंत्रालयात 'नस्ती' म्हणतात, मराठी विकिपीडियावर 'संचिका' आढळते, आणखी कुणी 'धारिका' म्हणतो. एका इंग्रजी शब्दाला टाळण्यासाठी तीन मराठी शब्द, आणि तिन्ही आमच्या बायाबापड्यांना अपरिचित. 'संकेतस्थळा'चे म्हणाल तर संस्कृत काव्यात प्रेमिकांनी चोरून भेटायच्या जागेला संकेतस्थान, संकेतस्थळ म्हणत. जातीच्या दाखल्याचा अर्ज तेथे भरावा हे जरा मौजेचे आहे.

याचा अर्थ मराठी शब्द नकोत असा कुणी घेऊ नये. पासवर्डला 'परवलीचा शब्द' हा पहाऱ्यावरच्या शिपायाचा शब्द अत्यंत नेमका आहे. बुकमार्कला 'वाचनखूण' छान आहे. दोन्ही ऐकताक्षणी कळतात. कसोटी तीच ठेवावी.

मात्र कळण्यापलीकडेही काही असते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. स्वयंसेवकांनी उभे केलेले ते मोठे काम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. तेथे संपादकांनी एकत्र चर्चा करण्याच्या पानाला 'चावडी' असे नाव आहे. शब्द मराठी, सोपा, लिहायला एकाच रूपाचा. माझ्या वरच्या सर्व कसोट्यांना उतरणारा. आणि तरीही तो वाचताना माझा हात थबकतो. चावडीत बसत होते पाटील-कुलकर्णी. महार चावडीवर असे तो वेठीला. खाली, बाहेर, हुकमाची वाट पाहत. महार वतन कायद्याने नष्ट झाले ते १९५८ साली, म्हणजे ज्यांनी तो प्रकार पाहिला अशी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. नाव देणाऱ्याच्या मनात पारावरच्या मोकळ्या गप्पांचे चित्र असणार, यात शंका नाही. त्याची चावडी आणि आपली चावडी एका गावात होती, एवढेच.

पण येथे दोष नुसता त्यांच्या पदरात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. फायरफॉक्ससारख्या मुक्त ब्राउझरचे मराठीकरण, विकिपीडियाचा पडदा, वारंवार लागणाऱ्या शब्दांची प्रमाण यादी करणारा 'फ्युएल' प्रकल्प, ही कामे खुली आहेत. तेथे प्रवेशाला जातीचा दाखला लागत नाही, पदवी लागत नाही. नाव नोंदवायचे आणि बसायचे. तेथे आपण कितीजण जाऊन बसलो? विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून या शहराने आणि मराठवाड्याने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढा दिला. घरे जळाली, माणसे मेली. एका नावासाठी एवढे सोसणारा समाज, ते नाव यंत्रात कोणत्या अक्षरांनी लिहिले जाते याबद्दल इतका उदासीन का असावा? २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सभागृहे भरली. शब्दयाद्यांच्या बैठकीला मात्र चार खुर्च्याही भरत नाहीत. आपले कवी, आपले समीक्षक भाषेच्या विद्रोहावर ग्रंथ लिहितात. 'सेव्ह'ला काय म्हणावे हे ठरवायला त्यांना वेळ नसतो. मीही त्यातलाच. मुलांनी कागद आणून दिला म्हणून बसलो.

तर यादीचे काम आता असे चालले आहे. पडद्यावर एक रूप. शोधताना सर्व रूपे एक मानायची. 'अ'ला काना आणि 'आ' एकच, अर्ध्या र ची तिन्ही सोंगे एकच, ऱ्हस्व-दीर्घ एकच. हे लिहिणारा मुलगा परभणी जिल्ह्यातल्या एका तांड्यावरून आलेला आहे आणि त्याने ते दोन रविवारांत केले. ग्रंथांची नावे मात्र मुखपृष्ठावर असतील तशीच, अनुस्वारासकट, नियमात न बसवता. प्रकाशनस्थळही पुस्तकावर असेल तेच. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले तरी जुन्या पुस्तकांवर औरंगाबाद आहे, तेथे औरंगाबादच राहील, आणि दोन्हींपैकी कोणत्याही नावाने शोधले तरी पुस्तक सापडेल.

एक शब्द तेवढा लटकला आहे. यादीत 'फॉर्म' छापलेले आहे. त्याच्या शेजारी त्या अडवणाऱ्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने 'फारम' लिहून ठेवले आहे. तिची आई तसेच म्हणते, माझीही म्हणे. ते ठेवायचे की खोडायचे, यावर येत्या रविवारी बसायचे ठरले आहे.